तांदळझरीहून थेट

‘‘काच वर घ्या, ताई,’’ यशवंतमामा म्हणाले आणि त्यांनी गाडीचा वेग कमी केला.

पुढे रस्ताभर माणसं उभी होती. आधी मला वाटलं, वरात असेल. पण वाजंत्री ऐकू येत नव्हती आणि सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला होती, ग्रामपंचायतीसमोरच्या ओट्याकडे. दुपारचे अडीच वाजले होते. एवढ्या उन्हात इतकी माणसं गप्प उभी असलेली मी कधी पाहिली नव्हती. मधूनच एखादा आवाज चढायचा आणि पुन्हा सगळं गप्प व्हायचं.

‘‘कुठलं गाव हे?’’ हेरंबने विचारलं.

‘‘तांदळझरी. कॉलेज अजून बावीस किलोमीटर आहे.’’

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. तालुक्याच्या कॉलेजात स्नेहसंमेलन होतं आणि आम्ही दोघं तिथले पाहुणे होतो. हेरंब काणे आमच्या मालिकेचा लेखक. मालिकेचं नाव ‘ब्रेकिंग-बिकिंग’. ‘धडाड न्यूज’ नावाच्या एका खोट्या वाहिनीच्या कचेरीत घडणारी ती विनोदी मालिका दर शुक्रवारी लागायची. संपादक बातमीपेक्षा जाहिरातदारांना घाबरतो, वार्ताहर घटनास्थळी पोचायच्या आधीच घटना सांगून मोकळा होतो, असा सगळा मामला. मी त्यात ज्वाला सरदेशमुख ही निवेदिका करायचे. लाल ब्लेझर, मागे ताणून बांधलेले केस आणि दर वाक्याला वर चढत जाणारा आवाज. खऱ्या निवेदिकांचे कार्यक्रम महिनाभर पाहून मी तो आवाज बसवला होता आणि मला त्याचा फार अभिमान होता. कॉलेजच्या मुलांनी हट्ट धरला होता की मी ज्वालाच्या वेषातच यावं. म्हणून त्या उन्हात मी लाल ब्लेझर घालून बसले होते.

गाडी पार थांबली. मागूनही दोन ट्रॅक्टर येऊन उभे राहिले. आता मागेही जाता येईना.

एक माणूस काचेशी वाकला. पांढरा शर्ट, खिशाला पेन. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला.

‘‘ज्वाला मॅडम,’’ तो म्हणाला. मग मागे वळून त्याने तेच मोठ्याने सांगितलं. ‘‘अरे, ज्वाला मॅडम आल्यात. चॅनेलवाले आले.’’

मला हसू आलं, ते आजही आठवतं. ओळखलं जाण्याची सवय असते आम्हाला. मी काच खाली केली.

‘‘मी दत्ताराव काकडे, उपसरपंच,’’ तो म्हणाला. ‘‘एवढ्या लवकर कसं कळलं तुम्हाला? आम्ही तर तासाभरापूर्वीच धरलं त्यांना.’’

‘‘कुणाला?’’

त्याने खिशातून मोबाइल काढला आणि माझ्यासमोर धरला. पडद्यावर मीच होते. ‘‘सावधान. मुलं पळवणारी टोळी राज्यात शिरली आहे. त्यांच्या पाठीवर गाठोडं असतं. ते दारोदार फिरतात. आपलं लेकरू क्षणभरही नजरेआड करू नका.’’

हा आमच्या एक्केचाळिसाव्या भागातला तुकडा. पुढे त्या बातमीत टोळीचं वर्णन अधिकाधिक खुळचट होत जायचं. टोळीवाल्यांना दोन हात असतात, दोन डोळे असतात, ते रस्त्याने पायी चालतात. आणि शेवटी ज्वालाचा स्वतःचा हरवलेला मुलगा पलंगाखाली झोपलेला सापडायचा. वाहिन्या भीती कशी विकतात, त्याच्यावर होता तो भाग. पण कुणीतरी पहिली चाळीस सेकंदं तेवढी कापून घेतली होती, हशा काढून टाकला होता आणि तो तुकडा तीन आठवडे मोबाइलवर फिरत होता. आम्हाला ते माहीत होतं. वाहिनीने एक खुलासा पडद्याच्या तळाशी फिरवला होता. हेरंब तर थोडा खूशच झाला होता. ‘‘चाळीस लाख लोकांनी पाहिलंय, उल्का,’’ तो सकाळी गाडीत म्हणाला होता, ‘‘आख्खी मालिका एवढ्यांनी पाहिली नाही.’’

दत्तारावांनी मोबाइल खिशात ठेवला. ‘‘तुम्ही सांगितली तशीच निघाली. गाठोडं, दारोदार फिरणं, सगळं. या, मॅडम. दाखवतो.’’

हेरंबने माझं मनगट धरलं. ‘‘उतरू नकोस,’’ तो हळूच म्हणाला.

‘‘मग काय करायचं?’’

‘‘मी पोलिसांना फोन लावतो. तू फक्त बस.’’

पण दत्तारावांनी अदबीने दार उघडलं होतं, आणि गर्दीने माझ्यासाठी वाट केली होती.

ओट्यावर दोन बायका बसल्या होत्या. एक साठीची, एक वीस-बावीस वर्षांची. जुन्या कपड्यांवर भांडी देत फिरणाऱ्या. त्यांच्या स्टीलच्या डब्या-ताटल्या ओट्यावरून खालपर्यंत पसरल्या होत्या, काही पायांखाली चेपल्या होत्या. धाकटीच्या कपाळातून रक्त येत होतं आणि ते ती पुसत नव्हती. म्हातारीने पाठीला बांधलेलं मूल पुढे ओढून छातीशी घट्ट धरलं होतं. दोन वर्षांची मुलगी असेल. गोरीपान, आणि एवढ्या माणसांत गाढ झोपलेली.

‘‘बघा,’’ दत्ताराव म्हणाले. ‘‘या दोघी काळ्या, आणि लेकरू बघा कसं आहे. उठवून उठत नाही. गुंगीचं औषध दिलंय.’’

‘‘ताप हाय तिला,’’ म्हातारी म्हणाली. ती माझ्याकडे पाहत नव्हती. बहुधा तेच वाक्य तिने तासाभरात शंभर वेळा म्हटलं असावं. ‘‘नात हाय माझी, ह्या लेकीची पोर. बापावर गेलीया. ताप हाय तिला.’’

‘‘गप,’’ कुणीतरी मागून म्हणालं.

कुणीतरी माझ्यासाठी खुर्ची आणली. प्लास्टिकची, निळी. ती पुसून माझ्यामागे ठेवली. दुसऱ्याने पाण्याची बाटली दिली. सगळे माझ्याशी फार आदराने वागत होते. माझ्या डाव्या हाताला एक माणूस उभा होता. त्याच्या हातात पाच लिटरचा पिवळा कॅन होता. त्यात काय आहे हे वासावरून कळत होतं.

मी गाडीकडे पाहिलं. हेरंब फोन कानाला लावून बोलत होता. त्याने माझ्याकडे बघून हाताची चार बोटं दाखवली. चार मिनिटं की चाळीस, ते मला कळलं नाही. मग त्याने तोंडाचा आकार करून सांगितलं. चाळीस.

मी खुर्चीवर बसले नाही. मला वाटलं, खरं सांगायला हवं. दुसरं काही सुचलंच नाही.

‘‘ऐका,’’ मी म्हणाले. ‘‘मी ज्वाला सरदेशमुख नाही. माझं नाव उल्का रणभिसे. मी नटी आहे, नाटकात काम करते. तुमच्या मोबाइलवर आहे ती बातमी नाही. ती विनोदी मालिका आहे. त्यातला तो एक तुकडा आहे. मुलं पळवणारी टोळी कुठंच नाही. या बायकांना सोडा.’’

माझा आवाज माझ्याच कानांना बारीक लागला.

मग पुढे उभी असलेली एक बाई, कडेवर स्वतःचं मूल घेतलेली, म्हणाली, ‘‘मग तवा तसं का म्हनल्या?’’

‘‘लोकांना हसवायला.’’

‘‘लेकरं पळवत्यात म्हणून सांगायचं आन् हसवायचं?’’

तिचा प्रश्न खोचक नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं.

‘‘थांबा, थांबा,’’ दत्ताराव पुढे झाले. त्यांनी माझ्याकडे फार कणवेने पाहिलं. ‘‘मॅडमच्या तोंडाकडं बघा जरा. घामाघूम झाल्यात. त्यांच्यावर दबाव आहे. वरून फोन आलाय त्यांना.’’

‘‘गाडीत एक जण बसलाय,’’ मागून आवाज आला. ‘‘मघापासून फोनवर बोलतोय. हातवारे करून मॅडमला सांगतोय काय बोलायचं ते.’’

सगळी गर्दी एका झटक्यात वळली. मला ती वळताना दिसली. एवढी माणसं एकदम वळतात तेव्हा पायांचा जो आवाज होतो, तो मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

‘‘तो आमच्या मालिकेचा लेखक आहे,’’ मी ओरडले, पण ते कुणाच्या कानावर गेलं नाही. गाडीच्या पुढच्या काचेवर काठी बसली. यशवंतमामा दोन्ही हात जोडून काहीतरी सांगत होते. हेरंब सीटवर खाली सरकला. त्याच्या बाजूचं दार कुणीतरी ओढत होतं.

‘‘मॅडम, तुम्ही भिऊ नका,’’ दत्ताराव माझ्या कानाशी म्हणाले. ‘‘आम्ही आहोत.’’

आणि कॅनवाल्या माणसाने झाकण फिरवायला सुरुवात केली.

पुढचं मी ठरवून केलं असं मला म्हणता येणार नाही. माझा हात वर गेला आणि बोटं उजव्या कानावर टेकली. ज्वाला मोठी बातमी द्यायच्या आधी नेहमी तसं करायची. पाठ ताठ झाली. मग तो आवाज निघाला, पोटातून, ओट्यापासून गाडीपर्यंत जाणारा.

‘‘नमस्कार. मी ज्वाला सरदेशमुख, तांदळझरीहून थेट. या क्षणाची सर्वांत मोठी बातमी आता माझ्या हाती येत आहे.’’

गाडीचं दार ओढणारे हात थांबले.

‘‘कॅमेरे इकडे,’’ मी म्हणाले. ‘‘सगळ्यांनी. हे राज्यभर जाणार आहे.’’

मोबाइल वर होऊ लागले. एका माणसाने काठी काखेत दाबली आणि दोन्ही हातांनी फोन धरला. कॅनवाल्याने कॅन खाली ठेवला आणि खिसा चाचपला.

‘‘मुलं पळवणारी टोळी पकडली गेली आहे. पुन्हा सांगते, टोळी पकडली गेली आहे. चार जण आहेत, चारही पुरुष. पळवलेली सगळी मुलं सुखरूप आहेत. आणि ज्यांनी दारोदार फिरून या टोळीचा माग काढला, पोलिसांना खबर दिली, त्या दोन धाडसी महिला आत्ता माझ्या शेजारी बसल्या आहेत. त्यांच्यासोबत त्यांची आजारी नातही आहे.’’

म्हातारीने पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

‘‘कुठं पकडली?’’ कुणीतरी विचारलं.

माझ्या ओठांवर एका गावाचं नाव आलं. येताना मैलाच्या दगडावर वाचलेलं, कुठलंसं. मी तोंड उघडलंही होतं. आणि मला त्या गावातली माणसं दिसली, तिथे फिरणारे कुणीतरी चार अनोळखी पुरुष दिसले. मी ते नाव गिळलं.

‘‘तपास चालू आहे, त्यामुळे ठिकाण सांगता येणार नाही,’’ मी म्हणाले. ‘‘पण धोका टळला आहे. पूर्णपणे टळला आहे. दत्ताराव काकडे, उपसरपंच, आपल्यासोबत आहेत. दत्ताराव, गावाने या महिलांना इथे सुरक्षित बसवून ठेवलं, त्याबद्दल काय सांगाल?’’

दत्ताराव क्षणभर गोंधळले. मग त्यांनी शर्ट खाली ओढला, केसांवरून हात फिरवला आणि सगळ्या मोबाइलांकडे पाहत म्हणाले, ‘‘आमचं गाव पहिल्यापासून जागरूक आहे.’’

बघता बघता सगळं फिरलं. जी बाई मला प्रश्न विचारत होती, तिने आपल्या पदराने धाकटीच्या कपाळावरचं रक्त टिपलं. कुणी पाणी आणलं, कुणी चहा सांगितला. दोघा-तिघांनी ताटल्या गोळा करून त्यांची चळत लावली, चेपलेल्या डब्या गुडघ्यावर दाबून सरळ केल्या. एक माणूस म्हातारीच्या पाया पडला. त्याच्याच मुठीत तिच्या फाटलेल्या पोलक्याची बाही मी मघाशी पाहिली होती. कुणीही जवळ आलं की धाकटी मात्र डोक्यावर हात घ्यायची.

मी बोलत राहिले. थांबले तर ते विचार करायला लागतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी शाळेविषयी विचारलं, पाण्याविषयी विचारलं, गावातल्या म्हाताऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. घसा सुकला होता, ब्लेझर पाठीला चिकटला होता आणि आवाज तसाच चढत होता. दर वाक्यानंतर मला वाटायचं, आता कुणीतरी म्हणेल की कॅमेरा कुठाय, तुमचा माणूस कुठाय, हे सगळं चाललंय काय. कुणी म्हणालं नाही. मधेच माझी नजर गाडीकडे गेली. हेरंब काच खाली करून माझ्याकडे पाहत होता. मालिकेत माझ्यासाठी आजवर त्याने वाक्यं लिहिली होती. आता तो रडत होता.

पन्नास मिनिटांनी पोलिसांची जीप आली. फौजदार उतरले आणि त्यांनी विचारलं, ‘‘काय भानगड आहे? कुठली टोळी?’’

दत्तारावांनी माझ्याकडे पाहिलं. मग आणखी पाच-सहा जणांनी पाहिलं.

‘‘साहेब,’’ मी त्याच आवाजात म्हणाले, ‘‘साक्षीदारांना ताबडतोब इथून हलवायचं आहे. वरून आदेश आहेत. वेळ घालवू नका.’’

फौजदारांनी माझा लाल ब्लेझर पाहिला, वर झालेले मोबाइल पाहिले. ‘‘हो, मॅडम,’’ ते म्हणाले.

त्या पन्नास मिनिटांचे तुकडे पुढे महिनाभर फिरले. दोन खऱ्या वाहिन्यांनी टोळी पकडल्याची बातमी दिली. एकीने तर चौघांचे चेहरे झाकलेले फोटोही दाखवले, ते कुणाचे होते देव जाणे. मालिकेच्या निर्मात्याचा फोन आला, की याच्यावरच एक भाग करूया. मी नाही म्हणाले, आणि ज्वालाही सोडली. हेरंब आता पाठ्यपुस्तकं तपासायचं काम करतो. आम्ही भेटतो तेव्हा त्या दुपारविषयी बोलत नाही.

पण त्या दिवशी आम्ही कॉलेजला गेलोच नाही. जीपच्या मागोमाग तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेलो. आत धाकटीच्या कपाळाला टाके घालत होते. बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर म्हातारी नातीला मांडीवर घेऊन बसली होती. मुलगी आता जागी होती आणि बिस्किट चोखत होती. मी ब्लेझर काढून गाडीत टाकला, केस सोडले आणि म्हातारीच्या शेजारी जाऊन बसले.

तिचं नाव शेवंताबाई. तिने माझे दोन्ही हात धरले.

‘‘तुमी नसत्या तर आमची राख झाली असती, बाई.’’

मला तिचे उपकार नको होते आणि ते नको म्हणण्याचा धीरही नव्हता.

‘‘नातीला ताप असताना एवढ्या उन्हात का आणलंत?’’ शेवटी काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं.

‘‘मी कंदी आणत न्हाई हिला फेरीला,’’ ती म्हणाली. ‘‘पालावर माझी जाऊ असती. तिच्यापाशी ठिवतो. आज दोन वर्सं तसंच चाललंय. पर मागल्या पंधरवड्यात जावयानं मोबाइलवर तुमची बातमी दावली. तुमी म्हनल्या, लेकरू नजरंआड करू नका. तवापास्नं पाठीलाच बांधते. जाऊ म्हातारी, तिला डोळ्याला दिसत न्हाई नीट. तिच्यापास्नं कुनी उचलून नेली तर काय करू?’’

व्हरांड्यात फिनेलचा वास होता. आतून धाकटीच्या कण्हण्याचा आवाज आला आणि थांबला.

‘‘शेवंताबाई,’’ मी म्हणाले, ‘‘ती बातमी खोटी होती. तशी टोळी कुठंच नव्हती. कुणी मुलं पळवत नाही.’’

ती माझ्याकडे बघत राहिली. ‘‘पर टोळी घावली म्हून मघा सांगितलं की तुमी.’’

‘‘तेही खोटं होतं. तुम्हाला सोडवायला बोलले.’’

‘‘मंजे पयलं बी खोटं.’’

‘‘हो.’’

‘‘आन् आता सांगताय ते?’’

‘‘हे खरं आहे.’’

माझे हात तिने केव्हा सोडले ते मला कळलं नाही. मग तिने मांडीवरच्या मुलीला उचललं, माझ्या बाजूने काढून पलीकडच्या अंगाला घेतलं, आणि पदराची गाठ तिच्याभोवती आवळून दोनदा ओढून पाहिली.